दूरच्या सर्व्हरवरचे शेअर फोल्डर माउंट करताना बूट अडकतं, फाइल मॅनेजर गोठतो. मदत हवी आहे

कोरा_कागद (धागाकर्ता)

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आमचा फाइल सर्व्हर दुसऱ्या जागी आहे, त्यावर सांबा (विंडोजच्या एसएमबी या पद्धतीने फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) चालतं, मधे वायरगार्डचं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी बोगदा). माझ्याकडे लिनक्स, बाकीच्यांकडे विंडोज आणि एकीकडे मॅक. सगळ्यांना तेच दोन फोल्डर हवेत, एक दस्तऐवजांचा आणि एक स्कॅन केलेल्या फाइलींचा.

फोल्डर आपोआप माउंट व्हावेत, म्हणजे माझ्या मशीनला जोडले जावेत, म्हणून एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) ओळ टाकलीये. हाताने माउंट केलं की सगळं छान चालतं. पण मशीन रीस्टार्ट केलं की काळ्या स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' येतं आणि दीड मिनिट ते तिथंच बसून राहतं, मग लॉगिन येतं आणि बघावं तर फोल्डर रिकामा. चालू असताना मधेच नेट गेलं तर फाइल मॅनेजर गोठतो, आणि बंद करायला गेलं की बंदही लवकर होत नाही. नेटवर शोधलं तर कुणी म्हणतं ओळीत एसएमबीचं व्हर्जन १.० टाका, कुणी म्हणतं सगळ्याला ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) देऊन टाका, कुणी म्हणतं सांबा सोडा नि एनएफएस (युनिक्स-लिनक्सकडची शेअरची पद्धत) घ्या. मला नुसती कॉपी-पेस्ट करायची ओळ नकोय, हे असं का होतंय ते कळलं तर पुढच्या वेळी माझं मला निस्तरता येईल.

टर्मिनलवेडी

प्रश्न नीट मांडलाय त्यामुळे सांगायला सोपं जातंय. तुमची माउंटची ओळ चुकलेली नाहीये, हाताने चालतं म्हणजे पत्ता, पासवर्ड, शेअरचं नाव सगळं बरोबरच आहे. अडचण वेळेची आहे. बूट होताना सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सगळ्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब वाचतं आणि सिफ्स (लिनक्समध्ये एसएमबी शेअरच्या माउंटचा प्रकार) दिसलं की 'हे नेटवर्कवालं आहे' हे ओळखून नेटवर्क वर यायची वाट बघतं, इथपर्यंत ठीक. पण तुमचा सर्व्हर नुसत्या नेटवर्कवर नाही, तो व्हीपीएनच्या पलीकडे आहे आणि व्हीपीएन त्या क्षणी उठलेलं असेलच असं नाही. मग माउंटची कमांड एका अशा पत्त्यावर दार ठोठावत बसते जिथं अजून रस्ताच नाही, आणि लॉगिनची पायरी रिमोट फाइल सिस्टिमच्या मागे रांगेत असते म्हणून लॉगिनही खोळंबतं. ते दीड मिनिट म्हणजे सिस्टमडीचा मूळचा ९० सेकंदांचा टाइमआउट.

आता यावर लोक आधी 'नोफेल' सुचवतात. ते टाकाच, त्याने लॉगिन अडणार नाही. पण त्याने फोल्डर माउंट होईलच असं नाही, फक्त 'नाही झालं तरी चालेल' एवढंच सिस्टिमला कळतं. खरं काम करतो तो ऑप्शन म्हणजे 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट'. हा टाकला की बूटच्या वेळी काहीच माउंट होत नाही, तिथं नुसता एक पहारा बसतो, आणि तुम्ही त्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा पाय टाकलात की त्या क्षणी माउंट होतं. तोपर्यंत व्हीपीएन आलेलं असतं. सोबत 'एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट' ला पाचेक मिनिटं दिलीत तर वापर नसताना ते आपणहून उतरतं, म्हणजे नेट जाईल तेव्हा बहुतेक वेळा माउंट झालेलंच नसतं आणि गोठायला काही उरत नाही. 'एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट' १० किंवा १५ सेकंद ठेवा, सर्व्हर बंद असेल तर लगेच एरर येऊ दे, ताटकळत बसायचं कशाला.

बंद होताना अडकणं ही याच गोष्टीची दुसरी बाजू. शटडाउनला व्हीपीएन आधी पडतं, मग अनमाउंट करायला जातं तर सर्व्हर सापडत नाही. त्यासाठी 'एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स' मध्ये तुमच्या वायरगार्डच्या सर्व्हिसचं नाव द्या. याने दोन्ही दिशांचा क्रम लागतो: चढताना आधी व्हीपीएन मग माउंट, उतरताना आधी अनमाउंट मग व्हीपीएन. हा ऑप्शन फार कमी ठिकाणी लिहिलेला दिसतो पण व्हीपीएनवाल्यांसाठी सगळ्यात मोलाचा हाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

एफएसटॅब बदलल्यावर सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड करायला विसरू नका, नाहीतर सिस्टमडी जुनीच ओळ धरून बसतं. आणि रीस्टार्ट करायच्या आधी फाइंडमाउंट व्हेरिफाय चालवून बघा, ओळीत काही खोट असेल तर तिथंच सांगतं.

(ऑप्शनांची नावं मी देवनागरीत लिहिलीयेत, फाइलीत अर्थातच रोमनमध्ये.)

रात्रपाळी

टर्मिनलवेडी यांना अनुमोदन. मी फक्त ते 'व्हर्जन १.० टाका' वाल्या सल्ल्याबद्दल बोलतो, कारण तो सल्ला वाचला की मला राहवत नाही.

एसएमबी १ हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकातला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भगदाडातून, आणि त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर येईनासा झाला, आणि लिनक्स कर्नलनेही (लिनक्सचा गाभा) ४.१३ पासून सिफ्सच्या माउंटला आपणहून एसएमबी १ लावणं बंद केलं. इथूनच तो सल्ला जन्माला आला. समोरचं जुनं एनएएस (नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी) फक्त एसएमबी १ बोलायचं, नवा कर्नल ते बोलेना, मग एरर यायची ११२, 'होस्ट इज डाउन'. प्रत्यक्षात होस्ट जिवंत, पिंगला उत्तर देतोय, फक्त दोघांना एकमेकांची बोली येत नाहीये. लोकांनी १.० टाकलं, चाललं, आणि तेच उत्तर सगळीकडे फिरत राहिलं. तुमच्या सर्व्हरवर सांबा बऱ्यापैकी नवं असेल तर व्हर्जन लिहूच नका, दोघं आपापसात जुळवून घेतात. लिहायचंच तर ३.१.१ लिहा. सर्व्हर जुनाच असेल तर सर्व्हर अपडेट करा, क्लायंटला मागे ओढू नका.

बाकी एरर वाचायची सवय ठेवा, नंबर बरंच काही सांगून जातो. १३ आला तर परमिशन, म्हणजे नाव, पासवर्ड, डोमेन यातलं काहीतरी किंवा शेअरवर तुमचं नावच नाही. २ आला तर शेअरचं नाव चुकलंय, सर्व्हर सापडलाय. ११५ आला तर बहुतेक वेळा मधली फायरवॉल, एसएमबीचं पोर्ट ४४५ जातंय का बघा. आणि 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' असं घाबरवणारं काही आलं तर डिस्क बिघडली असं समजू नका, नेटवर्क शेअरच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेकदा एवढाच की सिफ्स-यूटिल्स हे पॅकेज टाकायचं राहिलंय. मग डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) शेवटच्या ओळी बघायच्या, खरं कारण तिथं असतं.

कोरा_कागद (धागाकर्ता)

टर्मिनलवेडी, रात्रपाळी, दोघांचेही मनापासून आभार. ऑटोमाउंट आणि रिक्वायर्स टाकलं, बूट आता झटकन होतंय आणि शटडाउनही. व्हर्जनचा ऑप्शन काढून टाकला. आता पुढचं. माउंट झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या दिसतात, मला उघडता येतात पण सेव्ह होत नाहीत. चोन (मालकी बदलायची कमांड) करून बघितलं तर काहीच बदलत नाही. आणि पासवर्ड एफएसटॅबमध्ये उघडा पडलाय तेही बरं वाटत नाहीये.

टर्मिनलवेडी

पासवर्ड आधी. एफएसटॅब मशीनवरच्या प्रत्येक युजरला वाचता येते, त्यामुळे तिथं पासवर्ड कधीच नको. वेगळी फाइल करा, त्यात एका ओळीत युजरनेम, दुसऱ्या ओळीत पासवर्ड, हवं तर तिसऱ्या ओळीत डोमेन. मालकी रूटची, मोड ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असा), आणि एफएसटॅबमध्ये फक्त 'क्रेडेन्शियल्स=' पुढे त्या फाइलीचा पत्ता. याचा आणखी एक फायदा आहे. पासवर्डमध्ये स्वल्पविराम असेल तर एफएसटॅबमध्ये तिथंच ऑप्शन तुटतो आणि एरर १३ येत राहते, माणूस पासवर्ड बदलून बदलून दमतो. क्रेडेन्शियल्सच्या फाइलीत ती भानगड नाही. तसंच शेअरच्या नावात स्पेस असेल तर एफएसटॅबमध्ये स्पेसच्या जागी बॅकस्लॅश आणि ०४० लिहावं लागतं.

आता मालकी. इथं दोन वेगळे दरवान आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. खरा निर्णय सर्व्हर घेतो, तुम्ही ज्या नावाने लॉगिन केलंय त्या नावावर. तुमच्या मशीनवर दिसणारी मालकी ही माउंट करताना सांगितलेली असते, काहीच सांगितलं नाही तर रूट. म्हणून चोन लागत नाही. ओळीत 'यूआयडी' आणि 'जीआयडी' (युजरचा आणि गटाचा नंबर) तुमचे द्या, 'फाइल_मोड' ०६६० आणि 'डिर_मोड' ०७७० द्या, काम होईल. सर्व्हरवर ७७७ देण्याची काहीही गरज नाही, ते म्हणजे एका माणसाला आत घ्यायला भिंत पाडण्यासारखं आहे. एवढं करूनही सेव्ह झालं नाही तर मग सर्व्हरवर बघायचं, आणि तिथंही दोन पातळ्या: सांबाच्या शेअरमध्ये लिहायची परवानगी आहे का, आणि खालच्या खऱ्या फोल्डरवर त्या युजरला लिहिता येतं का. दोन्हींत जे कडक असेल ते लागू.

बॅकअप_आधी

चर्चा उत्तम चाललीये पण एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात घातक तीच आहे. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय 'बघावं तर फोल्डर रिकामा'. तो रिकामा फोल्डर म्हणजे काय हे समजून घ्या. माउंट पॉइंट हा तुमच्या स्वतःच्या डिस्कवरचा साधा फोल्डर असतो. माउंट झालं की सर्व्हर त्याच्यावर चढून बसतो, नाही झालं की खालचा साधा फोल्डर उघडा राहतो, आणि त्यात खुशाल लिहिता येतं!

रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालते, त्या दिवशी माउंट झालेलं नसतं, स्क्रिप्ट बिचारी सगळा बॅकअप तुमच्याच डिस्कवर लिहिते, एररसुद्धा येत नाही. डिस्क भरते. नंतर माउंट पूर्ववत झालं की त्या फाइली दिसेनाशा होतात, कारण सर्व्हर वर चढला. जागा तर गेलीये पण डीयूला (जागा मोजणारी कमांड) फाइली सापडत नाहीत. याहून वाईट म्हणजे उलट्या दिशेचं आर्सिंक (दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारा प्रोग्रॅम) डिलीटसकट असेल तर रिकामा फोल्डर हाच खरा समजून समोरची प्रत साफ होते.

म्हणून दोन गोष्टी कराच. पहिली, अनमाउंट करून त्या रिकाम्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर प्लस आय लावा, म्हणजे माउंट नसताना रूटलाही त्यात लिहिता येणार नाही. माउंट झाल्यावर त्याचा काही अडथळा होत नाही. दुसरी, प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला खरंच माउंट झालंय का ते तपासा, आणि झालं नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबवा. ऑटोमाउंट असेल तर आधी फोल्डरला एकदा एलएस (यादी काढायची कमांड) करून मग फाइंडमाउंटला टाइप सिफ्स देऊन विचारा. नुसती माउंटपॉइंट कमांड ऑटोमाउंटच्या पहाऱ्यालाही 'होय' म्हणते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

टर्मिनलवेडी

बॅकअप_आधी, अगदी योग्य मुद्दा, ऑटोमाउंटचा तो बारकावा तर फारच महत्त्वाचा. वाचनखूण साठवली.

खिडकीवाला

विंडोजवाल्यांसाठी थोडं. ड्राइव्ह लेटर मॅप करताना 'पुन्हा लॉगिन केल्यावर जोडा' ही खूण करा आणि पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवा. लॉगिनला व्हीपीएन आलेलं नसेल तर ड्राइव्हवर लाल फुली दिसते, घाबरू नका, व्हीपीएन आल्यावर डबल क्लिक केलं की जोडला जातो.

एरर १२१९ आली तर समजा की त्याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या युजरनेमने जोडलेले आहात, विंडोज एका सर्व्हरच्या नावाला एकाच वेळी दोन युजर चालवून घेत नाही. नेट यूजने जुनं कनेक्शन काढा मग नवं जोडा.

अ‍ॅडमिन म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमला मॅप केलेला झेड ड्राइव्ह दिसत नाही, सर्व्हिसलाही दिसत नाही, कारण ड्राइव्ह लेटर त्या लॉगिनपुरतं असतं. अशा ठिकाणी दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यायचा.

आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती टाकल्यावर जुनं एनएएस दिसेनासं झालं असेल तर कारण बहुतेक हे: आता साइनिंग सक्तीचं आहे आणि प्रो आवृत्तीतही बिनपासवर्डचं गेस्ट लॉगिन बंद आहे. सर्व्हरवर नीट युजर करा, पासवर्ड द्या, साइनिंग चालू करा. क्लायंटवरची सुरक्षा काढून टाकण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका.

नवा_सदस्य_४

एक शंका. एवढं व्हीपीएनचं लचांड कशाला, राउटरवर ४४५ पोर्ट उघडून थेट का नाही जोडायचं?

रात्रपाळी

नको, अजिबात नको. इंटरनेटवर उघडा ४४५ म्हणजे दिवसरात्र कुणी ना कुणी त्यावर पासवर्ड मारून बघत असतं, म्हणूनच कित्येक सेवादाते तो पोर्ट स्वतःच अडवतात. व्हीपीएन ठेवा. अगदीच व्हीपीएन शक्य नसेल आणि समोर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची सोय) असेल तर त्यावरून फोल्डर माउंट करणारं एसएसएचएफएस वापरा, तो पोर्ट २२ वरून एसएफटीपीने जातो, सगळं एन्क्रिप्टेड, सर्व्हरवर वेगळं काही टाकावं लागत नाही. त्यात रीकनेक्ट आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५ हे दोन ऑप्शन द्या, नाहीतर लाइन तुटल्यावर 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' येतं आणि फ्यूजरमाउंटने उतरवून परत चढवावं लागतं.

कोरा_कागद (धागाकर्ता)

यूआयडी, जीआयडी, क्रेडेन्शियल्स सगळं केलं, सेव्ह होतंय. सीएचअ‍ॅटरही केलं. मग एनएफएसचं काय? दोघा-तिघांनी मला सांगितलं होतं की लिनक्स असेल तर एनएफएसच.

टर्मिनलवेडी

सगळी मशीनं लिनक्स आणि एकाच जागी असती तर मीही एनएफएसच म्हटलं असतं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये काढलं तेव्हापासून युनिक्सच्या घरातलंच ते. पण तुमच्याकडे विंडोज आणि मॅक आहे आणि मधे इंटरनेट आहे. साध्या एनएफएसमध्ये पासवर्डच नसतो, क्लायंट 'मी युजर १०००' म्हणतो आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. दोन मशीनवर १००० नंबर वेगवेगळ्या माणसांचा असेल तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या होतात. यावर केर्बेरॉस (ओळख पटवणारी वेगळी यंत्रणा) आहे, पण तो उभा करणं वेगळं काम आहे.

दुसरं, गोठण्याबद्दल. एनएफएसचा मूळ स्वभाव 'हार्ड' आहे, सर्व्हर गेला तर तो अनंतकाळ वाट बघतो आणि तुमचा प्रोग्रॅम डी स्टेटमध्ये (नुसतं ताटकळण्याच्या अवस्थेत) अडकतो. 'सॉफ्ट' केलं तर एरर देऊन सोडतो, पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. लिहायचं असेल तर हार्डच ठेवावं. सतत तुटणाऱ्या लाइनवर ही निवड करायची वेळच येऊ नये, म्हणून तुमच्यासाठी एसएमबी ३ बरं.

कुणी एनएफएस करणारच असेल तर एक्सपोर्ट्सच्या फाइलीत (कुणाला काय शेअर करायचं ती यादी) होस्टचं नाव आणि कंस यांच्यात स्पेस सोडू नका. स्पेस पडली की कंसातले ऑप्शन त्या होस्टला न लागता सगळ्या जगाला लागतात. एवढीशी जागा, पण शेअर उघडा पडतो.

सफरचंद

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के, मग एसएमबी आणि सर्व्हरचं नाव, एवढंच. मला मराठी फाइलनावांबद्दल सांगायचंय कारण हे इथं नाही तर कुठं सांगणार.

जुन्या एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाइल सिस्टिम) डिस्कवरून सर्व्हरवर आर्सिंक केलं की 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांची', 'पायऱ्या' असली नावं असलेल्या फाइली दोन-दोन दिसायला लागतात. नाव डोळ्याला हुबेहूब तेच, फाइली मात्र दोन. कारण आपला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खं अक्षर आणि दुसरं म्हणजे र अधिक नुक्ता. एचएफएस प्लस नावं फोडून ठेवतं, म्हणजे र अधिक नुक्ता, आणि लिनक्सच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. आर्सिंकला आयकॉन्व्हचा ऑप्शन देऊन यूटीएफ-८-मॅकमधून यूटीएफ-८ मध्ये बदलत न्यावं, किंवा आधीच गोंधळ झाला असेल तर कॉन्व्हएमव्हीने सगळी नावं एनएफसी (अख्ख्या अक्षराचं रूप) करून घ्यावीत, आधी बॅकअप घेऊन.

आणखी एक, लांब नावं. सर्व्हरवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) असेल तर नावाला २५५ बाइट्स मिळतात, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट्स खातं, आणि काना-मात्रा हलंत वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. विंडोजवर तेच नाव बिनघोर चालतं कारण तिथं २५५ चिन्हं आहेत. कॉपी करताना 'फाइल नेम टू लाँग' येतं ते यामुळे.

कोरा_कागद (धागाकर्ता)

सफरचंद, काय सांगू, 'कर्मचाऱ्यांची यादी' दोनदा दिसते म्हणून आम्ही एकमेकांना विचारत होतो की कॉपी कुणी केली! आत्ता उलगडलं. सर्व्हरवर शोधून बघितलं तर 'ऱ' असलेलीच नावं दुहेरी आहेत.

शेवटचं एक विचारतो. मोठी फाइल बऱ्यापैकी येते, पण स्कॅनच्या फोल्डरमध्ये हजारो छोट्या फाइली आहेत, तो उघडायलाच फार वेळ लागतो. आणि आमची हिशेबाची फाइल एसक्यूलाइटची (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) आहे, ती या शेअरवर ठेवून दोघांनी वापरली तर चालेल का?

टर्मिनलवेडी

फोल्डर हळू उघडतो त्यात लाइनचा वेग हे कारण नाही, लाइनचा उशीर हे कारण आहे. प्रत्येक छोट्या फाइलीसाठी उघड, माहिती दे, वाच, बंद कर अशी ये-जा होते. एक फेरी ४० मिलिसेकंदांची असली आणि फाइलीमागे चार फेऱ्या धरल्या तर हजार फाइलींना १६० सेकंद नुसते फेऱ्यांतच गेले, वेग कितीही असो. त्यात फाइल मॅनेजर थंबनेल काढायला प्रत्येक फाइल वाचतो. नेटवर्कवरच्या फाइलींचे थंबनेल बंद करा, फोल्डर वर्षा-महिन्यानुसार पाडा, आणि एकगठ्ठा हलवायचं असेल तेव्हा माउंटवरून कॉपी न करता आर्सिंक एसएसएचवरून थेट सर्व्हरशी बोलू द्या किंवा सर्व्हरवरच टार करून एक फाइल आणा.

बॅकअप_आधी

हिशेबाची फाइल शेअरवर ठेवू नका. एसक्यूलाइट लॉकवर (एक लिहीत असताना बाकीच्यांना थांबवणारं कुलूप) चालतं आणि नेटवर्क फाइल सिस्टिमवर लॉकचा भरवसा नसतो, खुद्द एसक्यूलाइटवाल्यांनीच त्यांच्या माहितीपत्रात हे लिहून ठेवलंय. दोघांनी एकदम लिहिलं तर डेटाबेस खराब होऊ शकतो. दोघांना एकत्र काम करायचं असेल तर सर्व्हरवर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीसारखा डेटाबेस सर्व्हर बसवून त्याला जोडा. एकानेच वापरायची असेल तर आपल्या डिस्कवर ठेवा आणि रात्री एसक्यूलाइटच्या बॅकअप कमांडने काढलेली प्रत शेअरवर टाका. चालू फाइल तशीच उचलून कॉपी करू नका.

कोरा_कागद (धागाकर्ता)

बरं, मग पोस्टग्रेसच बसवतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याला जोडता येतं असं सेटिंगमध्ये दिसतंय. थंबनेल बंद केल्यावर स्कॅनचा फोल्डर आत्ताच पुष्कळ हलका झालाय. दुहेरी नावांचं काम बॅकअप घेऊन उद्या करतो, कॉन्व्हएमव्ही आधी नोटेस्ट न देता चालवून काय काय बदलणार ते बघून घेतो.

सफरचंद

हो, नोटेस्ट दिल्याशिवाय ते खरोखर बदलत नाही, नुसती यादी दाखवतं. फक्त एक लक्षात घ्या, दोन्ही नावांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असतील तर बदललेलं नाव आधीच असलेल्या नावावर जाऊन आदळेल. अशा जोड्यांमध्ये आधी तारीख आणि साइज बघा, कुठली प्रत चालू आहे ते माणसाला विचारून ठरवा, दुसरी बाजूला काढा, मगच नावं बदला.